एकाच पेशंटच्या दोन फाइली निघाल्यात, मर्ज करू का डिलीट?

रेकॉर्डरूमवाली:
मी मेडिकल रेकॉर्डला आहे, कागदावरून सिस्टीमवर येऊन आम्हाला दीडेक वर्ष झालं. मागच्या आठवड्यात एक पेशंट पाय चिघळला म्हणून आला, फाइल उघडली तर ॲलर्जीच्या रकान्यात चक्क ‘नाही’, सिस्टर इंजेक्शन भरणार एवढ्यात त्याची बायको म्हणाली अहो ह्यांना पेनिसिलिन चालत नाही, मागच्या वेळी तुम्हीच तर फाइलवर लाल स्टिकर चिकटवलं होतं. शोधाशोध केली तेव्हा कळलं की ह्या माणसाचे दोन पेशंट नंबर आहेत, नावाच्या स्पेलिंगमधे एका ठिकाणी डबल ई आणि एका ठिकाणी आय, आणि जन्मतारीख एकात खरी, दुसऱ्यात १ जानेवारी. स्टिकरवाली जुनी माहिती त्या दुसऱ्या नंबरवर.

मग मी एकच मोबाइल नंबर असलेल्या सगळ्या फाइलींची यादी काढली, ती संपेचना. आता साहेब म्हणतात जुन्या डिलीट मार, सिस्टीम देणारा व्हेंडर म्हणतो दोन्ही फाइली एक करायचं मर्जचं बटण दिलंय ना, दाबा. मला दोन्हीची भीती वाटतेय. कुणी हे केलंय का? लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, हे सगळं आपोआप येतं का नवीन नंबरवर?

तार_जोडणारा:
डिलीटचं तर नावच काढू नका. त्या जुन्या नंबरवर छापलेली डिस्चार्ज समरी पेशंटच्या घरी पडलीय, उद्या तो तीच घेऊन येणार, काउंटरवर तो नंबर टाकल्यावर ‘सापडला नाही’ आलं की काउंटरवाला काय करणार? तिसरी फाइल काढणार.

मर्ज म्हणजे एक नंबर चालू राहतो आणि दुसरा त्याच्याकडे बोट दाखवत जिवंत राहतो, म्हणजे जुना नंबर टाकला तरी नवीच फाइल उघडली पाहिजे. हे आधी तपासा. आता तुमचा खरा प्रश्न, आपोआप येतं का. येतं, पण समोरच्या सिस्टीमने ऐकलं तर. तुमची मुख्य सिस्टीम मर्ज झाल्यावर बाकीच्यांना एक निरोप पाठवते, एचएल-७ (हॉस्पिटलच्या सिस्टीम एकमेकींशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) च्या जुन्या व्हर्जन २ मधे त्याला ए-४० म्हणतात, त्यात राहणारा नंबर पीआयडी सेगमेंटमधे, म्हणजे निरोपाच्या त्या नावाच्या ओळीत असतो आणि बाद होणारा एमआरजी सेगमेंटमधे. एचएल-७ चंच नवं फायर (FHIR) असेल तर पेशंटच्या रेकॉर्डवर लिंक लागते, ‘रिप्लेस्ड बाय’ म्हणून. मी जिथे जिथे गेलोय तिथे हा निरोप पाठवायची सोय असायची, पण समोरच्या सिस्टीममधला तो ऐकणारा भाग निम्म्या वेळा बंद ठेवलेला असायचा कारण सुरुवातीला सिस्टीम बसवताना घाई होती.

एक्स-रे, सीटीचं तर अजून वेगळं. डायकॉमच्या, म्हणजे हे फोटो ज्या फॉरमॅटमधे साठवतात त्या फाइलमधे पेशंटचा नंबर आणि नाव फोटोसोबत आतच लिहिलेलं असतं, त्यामुळे पॅक्सनेही (हे फोटो साठवणारी सिस्टीम) मर्ज केलं नाही तर जुने फोटो तिथेच जुन्या नंबरखाली बसून राहतात आणि रेडिओलॉजिस्टला तुलनेला जुना सीटी दिसतच नाही. एक खोटा पेशंट बनवा, दोन नंबर काढा, दोन्हीवर एकेक लॅब टेस्ट आणि एक्स-रे टाका, मग मर्ज करा आणि प्रत्येक विभागात स्वतः जाऊन स्क्रीन बघा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे हो म्हणतात. शक्यतो हे टेस्ट सिस्टीमवर करा.

नाइटड्यूटी:
मी वॉर्डात आहे, मला टेक्निकल कळत नाही पण एक सांगते. मर्ज करताना एका फाइलमधे ॲलर्जी ‘नाही’ आणि दुसरीत ‘पेनिसिलिन’ असेल तर मशीन कुठलं ठेवणार? आमच्याकडे शेवटी भरलेलं ठेवलं होतं, आणि शेवटी भरलेलं होतं ‘नाही’, जे कुणी विचारून भरलंच नव्हतं, पुढचं पान उघडत नाही म्हणून टिक केलेलं. ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे बाई. ॲलर्जी, चालू औषधं आणि रक्तगट ह्या तीन गोष्टी माणसाने बसून बघायच्या आणि शंका असली तर पेशंटलाच विचारायचं.

आणि दोन फाइलींत रक्तगट वेगळा दिसला तर हात तिथेच थांबवा. एकतर ती दोन माणसं आहेत, नायतर कधीतरी सॅम्पलवर चुकीचं लेबल लागलंय. दोन्ही भयंकर.

आकडेमोड:
एवढी यादी हाताने कोण बघणार? एकाच माणसाच्या नोंदी जुळवायच्या ह्या कामाला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात आणि फेलेगी-संटर ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मधेच ह्याचं गणित मांडून ठेवलंय. नाव, जन्मतारीख, फोन, पत्ता प्रत्येकाला वजन द्यायचं, जुळलं तर अधिक, नाही जुळलं तर उणे, बेरीज ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली की मर्ज. स्क्रिप्ट लिहून रात्रीत होईल. फक्त साउंडेक्स (उच्चारावरून नावं जुळवायची पद्धत) वापरू नका, ते इंग्रजी आडनावांसाठी १९१८ सालच्या पेटंटातलं आहे, आपल्या नावांचं भरीत करतं.

तार_जोडणारा:
@आकडेमोड गणित बरोबर आहे पण तुमचं ‘की मर्ज’ मला पटत नाही. त्याच मांडणीत मधला पट्टाही आहे ना, जिथे माणसाने बघायचं असतं? जुळे घ्या. आडनाव तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच, फोन आईचा, आणि पहिले काही दिवस नावसुद्धा नाही, नुसतं ‘बेबी ऑफ’ अमुक. तुमची स्क्रिप्ट त्या दोघांना पहिल्या फटक्यात एक करणार. एका माणसाच्या दोन फाइली झाल्या तर माहिती अर्धी दिसते, पण दोन माणसं एका फाइलीत गेली तर खोटी माहिती दिसते आणि ती खरी वाटते. ते परत सोडवायला कुठलंही बटण नाही, एकेक नोंद उचलून ही कुणाची ही कुणाची करत बसावं लागतं. मी केलंय, एका फाइलीला दोन दिवस गेले.

स्क्रिप्टने यादी लावा, वरून खाली. मर्ज माणूस करेल, दुसरा बघून सही करेल, आणि कुणी, कधी, का केलं आणि दोन्ही नंबर कुठले हे नोंदवून ठेवा.

आकडेमोड:
बरं, जुळ्यांचा मुद्दा मान्य. पण रोज पन्नास मर्ज करायला तुम्ही माणसं देणार का 😄

काउंटर_नंबर_दोन:
तुम्ही सगळे घर पुसताय पण नळ चालूच आहे. फाइली आमच्या काउंटरवर जन्माला येतात. सकाळी लाइन दारापर्यंत, शोधायला चार क्लिक आणि नवीन काढायला एक, मग कोण शोधणार? आमच्याकडे नंतर असं केलं की आधी शोधल्याशिवाय ‘नवीन’ बटण उघडतच नाही, आणि शोधताना नावाची पहिली तीन अक्षरं आणि जन्मसाल एवढंच टाकायचं, पूर्ण नाव नाही, कारण पूर्ण नाव टाकलं की स्पेलिंग अडतं. डबल पुष्कळ कमी झाले.

१ जानेवारीचं पण आमचंच पाप. तारीख माहीत नाही पण रकाना रिकामा सोडता येत नाही, मग सगळे १ जानेवारी. ‘अंदाजे’ अशी वेगळी खूण मागून घ्या व्हेंडरकडून, आणि स्क्रिप्टमधे १ जानेवारी जुळली तर तिला वजनच देऊ नका.

अजून एक, ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारायचं नाही, नाव तुम्हीच सांगा म्हणायचं. ऐकू कमी येणारे आजोबा कशालाही मान हलवतात, मी अशीच एकदा दुसऱ्याच्याच फाइलवर एकाची ओपीडी लावली होती, संध्याकाळी लॅबवाल्याने पकडलं. आणि एकाच लॉगिनवर सगळा काउंटर चालत असेल तर ते आधी बंद करा, नायतर डबल कोण काढतंय ते लॉगमधे कधीच कळणार नाही.

रेकॉर्डरूमवाली:
सगळ्यांचे आभार, डिलीट रद्द करून घेतलं साहेबांकडून. खोटा पेशंट बनवून बघितलं. लॅबमधे रिपोर्ट आले नवीन नंबरवर, एक्स-रेमधे नाही आले. तिथला मुलगा म्हणाला निरोप येतात की मॅडम, एरर म्हणून एका फोल्डरमधे पडतायत, सिस्टीम बसल्यापासूनचे. म्हणजे व्हेंडरच्या माणसाने ट्रेनिंगमधे जेवढे मर्ज केले होते तेही सगळे तिथेच अडकलेत, त्यातले काही खरे पेशंट आहेत.

पेनिसिलिनवाल्यांच्या दोन फाइली मी आणि सिस्टरने समोरासमोर बसून बघितल्या, त्यांना फोन करून विचारलं, ॲलर्जी नक्की केली, डॉक्टरांनाही कळवलं. रक्तगट सारखाच निघाला. यादीत वरून तिसरी जोडी मात्र एकात बी, एकात ओ आहे, ती बाजूला काढून ठेवलीय. @तार_जोडणारा त्या फोल्डरमधले निरोप परत चालवायचे का आधी एकेक उघडून बघायचे?

तार_जोडणारा:
उघडून बघा. कुठल्याही परिस्थितीत सगळे एकदम चालवू नका, मधल्या काळात त्यातला एखादा नंबर पुन्हा दुसऱ्या कशात मर्ज झालेला असू शकतो. जुन्यापासून सुरुवात करा, तारखेच्या क्रमाने.