मदत हवी आहे: ‘आज काय शिकलो’ याचं मुलांकडून खरं उत्तर कसं मिळवावं? (सातवी, विज्ञान)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. वडील यंत्रमागावर, बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझी अडचण याच्याशी जोडलेली आहे.

तासाची शेवटची पाच मिनिटं राखून मुलांना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायला सांगते: आज नवीन काय कळलं, काय अडलं, काय विचारावंसं वाटतं. चिठ्ठ्या येतात त्या अशा: ‘आजचा पाठ खूप आवडला. सर्व समजले. धन्यवाद मॅडम.’ आणि ‘काय अडलं’च्या पुढे नुसती रेघ. दुसऱ्या दिवशी वहन (उष्णता स्पर्शातून पोचणं) आणि प्रारण (स्पर्शाशिवाय, दुरूनच पोचणं) यांतला फरक विचारला की वर्ग गप्प. मुलं लबाड नाहीत हो. ‘समजलं नाही’ लिहिलं तर आपल्याला ढ म्हणतील ही धास्ती असते. शिवाय डोक्यात तेलुगूत चाललेला विचार पुस्तकी मराठीत उतरवायचा, त्यापेक्षा पाठ असलेलं वाक्य बरं पडतं.

एकदा मात्र फार छान झालं. उष्णतेचा पाठ होता. शिकवायच्या आधीच विचारलं: दोन वाट्यांत सारखे बर्फाचे खडे, एक वाटी उघडी, दुसरी चादरीत गुंडाळलेली (चादर अर्थातच सोलापुरी), कुठला बर्फ आधी वितळेल? अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं, चिठ्ठी घडी घालून कंपासपेटीत. जवळजवळ सगळ्यांनी चादरीतला बर्फ आधी वितळेल असं लिहिलं, कारण ‘चादर गरम असते’. तास संपत आला तेव्हा चादर सोडली. उघड्या वाटीत जवळपास पाणीच, चादरीतला खडा बराचसा शाबूत. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली बघायला! मग तीच चिठ्ठी काढून, शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोलून, खाली लिहायचं: ‘आधी मला वाटायचं…’, ‘आता मला वाटतं…’, ‘कशामुळे बदललं…’.

एका मुलीने लिहिलं: ‘आधी मला वाटायचं चादरीत ऊब असते. आता वाटतं ऊब आपलीच असते, चादर तिला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बर्फवाले लादीवर भुसा आणि पोतं टाकतात.’ भुशाचं मी वर्गात काढलंच नव्हतं. लिहिण्याआधी ती शेजारणीशी तेलुगूत चांगली तावातावाने बोलत होती. एका मुलाने विचारलं, मग आमच्या पत्र्याच्या घरात एवढं का उकडतं, पत्रा तर अंगाला लागत नाही? पुढचा तास मी तिथूनच सुरू केला, आणि प्रारण मुलांच्या डोक्यात बसलं ते त्या पत्र्यामुळे.

माझं मत असं झालंय की आधीचा अंदाज स्वतःच्या अक्षरात समोर असला तरच मुलांना स्वतःचा बदल दिसतो. नुसतं ‘काय शिकलात’ विचारून हाती काही लागत नाही.

आता अडचणी. पेशीची रचना, वनस्पतींचं वर्गीकरण असल्या पाठांना आधी अंदाज कशाचा घ्यायचा? माहीत आहे / जाणून घ्यायचंय / शिकलो असा तक्ता करून पाहिला (अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डोना ओगल यांनी १९८६ मध्ये वाचनासाठी मांडलेला), पण मधला रकाना कोराच राहतो. इतिहासाच्या बाईंनाही हाच प्रश्न पडलाय. दुसरं, मुलांना तेलुगू देवनागरीत लिहू द्यावं का? आणि पन्नास चिठ्ठ्या रोज वाचायच्या कधी?

नवीन समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आहे, म्हणून या चिठ्ठ्यांना गुण द्या अशीही सूचना आली आहे. मला ते अजिबात पटत नाही. गुण आले की पुन्हा ‘सर्व समजले’ सुरू होईल. कुणी गुणांशिवाय हे निभावलंय का?

प्रतिसाद

ताई, मी अक्कलकोट तालुक्यात आहे, आमच्याकडे कन्नडचा हाच प्रकार. चिठ्ठ्या घरी नेऊच नका. तिथल्या तिथे तीन गठ्ठे करा: जमलंय, अर्धवट, अडलंय. नीट वाचायचा तो फक्त तिसरा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक वाक्य नाव न घेता फळ्यावर लिहायचं. ‘अडलं’ लिहिलेलं मॅडमना हवंच असतं हे मुलांना त्यातूनच कळतं. पेशीच्या पाठाला अंदाज चित्रातून घ्या: कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसेल ते आधी काढायला लावा, मग दाखवा, मग शेजारी दुसरं चित्र. इतिहासाच्या बाईंना सांगा, भुईकोट किल्ल्याला नेण्याआधी ‘खंदक कशासाठी असेल’ एवढंच लिहून घ्या. गुणांचं म्हणाल तर मी वर्षाच्या शेवटी मुलांनाच स्वतःच्या तीन चिठ्ठ्या निवडायला सांगतो आणि त्या पालकसभेत ठेवतो. गुण नाहीत.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार! गठ्ठ्यांचं उद्यापासूनच करते, आणि कांद्याची साल तर अगदी हाताशी आहे. चित्रांमुळे भाषेची अडचण निम्मी तरी सुटेल असं वाटतंय. पण ‘कशामुळे बदललं’ याला शब्द लागतातच. घरच्या भाषेत लिहून घेतलेल्या कुणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा, विशेषतः ती भाषा तुम्हाला स्वतःला वाचता येत नसताना काय केलंत ते.