हावरट पॅटर्न आणि गळालेल्या ओळी

भाऊ, वेब सर्व्हरच्या लॉगमधल्या (भेटींची नोंद ठेवणाऱ्या फाईलमधल्या) ओळी रेगेक्सने, म्हणजे मजकूर जुळवणाऱ्या पॅटर्नने, तोडताना रेफरर (वाचक कुठल्या पानावरून आला) आणि युजर एजंट (त्याचा ब्राउझर) एकमेकांत मिसळतात म्हणालात, तो दोष तुमच्या पॅटर्नमधल्या "(.*)" चा. मधे अवतरणचिन्ह आलं तरी तो थांबत नाही, जमेल तितकं गिळतो. त्याऐवजी "([^"]*)" लिहा.

मला जास्त खटकलं ते बाइट्ससाठीचं, म्हणजे पाठवलेल्या डेटाच्या आकारासाठीचं [0-9]+, ते फक्त आकडेच जुळवतं. 304 उत्तराला (म्हणजे "पान बदललेलं नाही") अपाचे हा वेब सर्व्हर तिथे सहसा आकडा न लिहिता नुसतं - टाकतं. रावेरकडच्या केळीभावाचं पान मी सांभाळतो. शेतकरी सकाळपासून तेच पान पुन्हा पुन्हा उघडतात, भाव बदललेला नसतो, त्यामुळे 304 च्या ओळी ढिगाने. माझ्याही पॅटर्नमध्ये [0-9]+ च होतं, म्हणून त्या सगळ्या मोजणीतून गळाल्या आणि महिनाभर मला वाटत राहिलं, वाचक घटले! ([0-9]+|-) केल्यावर आकडे जुळले. एंजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तिथे 0 लिहितो, म्हणून त्याच्या लॉगला ही अडचण येत नाही. न जुळलेल्या ओळी मात्र वेगळ्या फाईलीत काढाच.