पाण्याच्या दोन बाटल्या, साडेनऊशे रुपये!!

माठवाला: परवा पुतण्याच्या वाढदिवसाला एका मोठ्या हॉटेलात गेलो, वेटरने विचारलं पाणी कुठलं आणू, म्हटलं आण बाबा कुठलंही, तर बिलात काचेच्या दोन बाटल्या साडेनऊशेच्या. आणि म्हणे आता पाण्याचं टेस्टिंग पण असतं, वाइनसारखे घोट घेत बसायचं. येड्यात काढायचे धंदे.

जलचर: काका, किमतीचं सोडा पण चव असतेच. क्षारांची असते ती. फ्रान्सच्या एवियन पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, साडेतीनशेच्या आसपास, जर्मनीच्या गेरोलस्टायनरचा अडीच हजाराच्या घरात. एकामागोमाग प्या, डोळे झाकून ओळखाल. फक्त बर्फ-लिंबू नको, गारेगार पाण्यात चव मरते.

माठवाला: अडीच हजार?? आमच्या बोअरचा आठशे निघाला तर आरओवाला घाबरवून मशीन गळ्यात मारून गेला की!

जलचर: हाहा, क्षार कुठले त्यावर असतं ते. आपल्याकडे ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

लातूरचा_गडी: चव आम्हाला पण कळते ओ. आमची आजी घोट घेतला की सांगायची, मचूळ आहे, ह्यात डाळ शिजायची न्हाई, आन् तूरडाळ खरंच तासभर रटरटून टचटचीत राहायची. पण २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटरच्या आसपास, तवा टँकरपुढं घागर घेऊन उभं राहिलेल्या कुणी टीडीएस इचारला नाही.

जलचर: दादा मान्य, पण त्याच हॉटेलात लोक दारूवर पाच-पाच हजार उडवतात तेव्हा कुणाला लातूर आठवत नाही. न पिणाऱ्याने जेवताना जरा बरं पाणी मागवलं की लगेच दुष्काळ?

कडू_कारलं: ‘बरं पाणी’ म्हणजे नेमकं काय रे? जानेवारी २०२४ मध्ये नेस्लेने स्वतःच कबूल केलं की फ्रान्समधल्या त्यांच्या पाण्यांवर, पेरिए धरून, यूव्ही आणि कार्बन फिल्टर वापरले होते. नॅचरल मिनरल वॉटरला तिथे ते चालत नाही. म्हणजे ओट्यावरच्या प्युरिफायरमध्ये असतं तेच, फक्त बाटली हिरवी.

जलचर: ते चुकलंच त्यांचं. पण एकाने भेसळ केली म्हणून तूप खायचं सोडतो का आपण?

माठवाला: ते तुमचं चालू द्या, बाटलीवर किंमत कमी होती, तक्रार करता येईल का?

कडू_कारलं: विसरा. २०१७ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, हॉटेलात बसून प्यायलात तर एमआरपीचं बंधन नाही.

माठवाला: घ्या!! बाटल्या तेवढ्या घरी आणल्यात, एकीत बायकोने मनीप्लांट लावलाय. बोअरच्या पाण्यावर मस्त वाढतोय.