ग्रँड कॅन्यन राफ्टिंग : थोरल्या भावासाठी वरचा टप्पा की खालचा? मदत हवी आहे

नमस्कार,

कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन पार करण्याचे खाजगी पर्मिट आमच्या गटातील एका मित्राला लॉटरीत मिळाले आहे. सप्टेंबरअखेरीस लीज फेरीहून (राफ्ट पाण्यात सोडण्याच्या जागेहून) निघून डायमंड क्रीकपर्यंतचे २२६ मैल आम्ही १६ दिवसांत उतरणार आहोत. गटात सात जण नक्की असून राफ्ट वल्हवणारे तिघेही ही दरी पूर्वी उतरलेले आहेत. मी फिनिक्सला राहतो आणि या सफरीत केवळ प्रवासी आहे. सामान, परवाने, पाणी गाळण्याची सोय, सॅटेलाइट फोन हे सर्व ठरले आहे. अडले आहे ते आठव्या जागेपाशी.

ती जागा पुण्याहून येणाऱ्या माझ्या थोरल्या भावासाठी ठेवली आहे. दादा ५७ वर्षांचा आहे, दर रविवारी सिंहगड चढतो आणि कोलाडला कुंडलिकेत तीन वेळा राफ्टिंग करून आला आहे. गणपती आटोपून तो निघेल, परंतु रजा मर्यादित असल्यामुळे त्याला अर्धीच सफर करता येईल. दरीच्या तळाशी ८८व्या मैलावर फँटम रँच हे मुक्कामाचे ठिकाण आहे आणि तेथून दक्षिण कड्यावर जाणारी पायवाट आहे, त्यामुळे बदल तेथेच करावा लागेल. तो एक तर लीज फेरीहून आमच्याबरोबर निघून सातव्या दिवशी चढून बाहेर पडेल, किंवा त्या दिवशी पायी उतरून आम्हाला मिळेल. एका व्यक्तीला एका वर्षात एकच नदीसफर करता येते, म्हणजे राहिलेला अर्धा भाग त्याला त्या वर्षी दुसऱ्या कोणाबरोबरही करता येणार नाही.

माझा कल वरच्या टप्प्याकडे, म्हणजे लीज फेरी ते फँटम रँच या भागाकडे आहे. पहिल्या दिवसांत नदी माणसाला हळूहळू सरावू देते, रेडवॉल कॅव्हर्न आणि नॅन्कोवीपची कड्यातील प्राचीन धान्यकोठारे पाहून होतात, आणि ७७व्या मैलावरचा हॅन्स हा मोठा रॅपिड (खडकांतून उसळत जाणारा वेगवान प्रवाह) येईपर्यंत राफ्टमध्ये कोठे बसावे, काय धरावे आणि पाण्यात पडल्यास काय करावे हे अंगवळणी पडलेले असते. याउलट फँटम रँच सोडल्यावर दोनच मैलांत हॉर्न क्रीक लागतो, त्यापाठोपाठ ग्रॅनाइट आणि हर्मिट, आणि ९८व्या मैलाजवळ क्रिस्टल. म्हणजे नुकत्याच कडा उतरून आलेल्या माणसापुढे पहिल्या दहा मैलांतच चार दांडगे रॅपिड उभे राहतात. कुंडलिकेतील सरावाचा येथे कितपत उपयोग होईल, याविषयी मला शंका आहे. तेथे सर्वांनी मिळून वल्ही मारायची असतात, तर आमच्या राफ्टमध्ये एकच जण दोन लांब वल्ह्यांनी राफ्ट सांभाळतो आणि इतरांनी घट्ट धरून बसायचे असते. शिवाय हवा पस्तीस अंशांच्या आसपास असली तरी पाणी ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल थरातून येत असल्याने बरेच थंड असते.

दादाला मात्र खालचाच टप्पा हवा आहे, कारण १७९व्या मैलावरच्या लाव्हा फॉल्स या रॅपिडचे व्हिडिओ त्याने इतके पाहिले आहेत की आता बाकीची दरी त्याला निव्वळ वाटेतली वाटते. (शौचाचे सर्व काही डब्यात भरून शेवटपर्यंत बरोबर न्यावे लागते, हे मी त्याला अद्याप सांगितलेले नाही.) त्याचा युक्तिवाद असा की उतरणे चढण्यापेक्षा सोपे. पण त्याचा उजवा गुडघा दुखतो तो उतरतानाच, चढताना नाही. ब्राइट एंजल वाटेने कड्यापर्यंत सुमारे ४,४०० फुटांची चढण आहे, म्हणजे सिंहगडाच्या जवळपास दुप्पट. साउथ कायबॅबची वाट लांबीला कमी असली तरी अधिक उभी असून तिच्यावर पाणी मुळीच नाही. आणि खालच्या टप्प्यात गुडघ्याने दगा दिलाच, तर गाडीरस्ता असलेल्या डायमंड क्रीकपर्यंत १३८ मैल उरतात.

ज्यांनी फँटम रँचला अशी अदलाबदल केली आहे किंवा पाहिली आहे, त्यांच्याकडून मला पुढील गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आठवडाभर राफ्टमध्ये बसून आणि वाळूत झोपून पाय आखडलेले असताना ही चढण पन्नाशी उलटलेल्या माणसाला कितपत झेपते, आणि ऊन टाळण्यासाठी पहाटे किती वाजता निघावे? आदल्या संध्याकाळी राफ्ट कोठे लावली म्हणजे असे निघणे जमते?

दुसरा प्रश्न हॉर्न क्रीकचा आहे. विजेच्या मागणीनुसार धरणातून सोडलेले पाणी दिवसभरात वरखाली होते आणि ती लाट खाली पोहोचण्यास वेळ लागतो. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सुटेपर्यंत कोलाडला थांबावे लागते, त्यामुळे दादाला हे लगेच समजले. हॉर्न क्रीक पाणी कमी असताना अधिक अवघड होतो असे आमचे वल्हवणारे सांगतात. सप्टेंबरअखेरीस तेथे पाणी साधारण कोणत्या वेळी कमी असते, आणि ती वेळ टाळण्यासाठी फँटम रँचला काही तास थांबून राहणे व्यवहार्य आहे का?

दादा स्वतः हा धागा वाचणार आहे, तेव्हा लाव्हा फॉल्स हुकल्याचे ज्यांना पुढे खरोखर वाईट वाटले, त्यांनीही कृपया तसे स्पष्ट लिहावे.