क्लचमधली हवा घरी काढता येते का?

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबानं क्लच ढकलणारा) बदलला तेव्हापासून पेडल पार पोचट झालं भाऊ. सीताबर्डीच्या गर्दीत रिव्हर्सच पडेना; पेडल भराभर पंप केलं की पडतो. घरी ब्लीड करू का?

↳ पंप केल्यावर पडतो म्हणजे हवाच आहे. एकाला सीटवर बसव. तो पेडल दाबून धरेल, तू स्लेव्ह सिलिंडरवरचं हवा काढायचं निपल सैल कर. फसफस करत फेस निघाला की निपल आवळ, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं की हवा पुन्हा आत! पेडल अडकलं तर हातानं वर ओढ. अन् बोनेटखालच्या डबीतलं क्लचचं ऑइल (ब्रेक फ्लुइड) उतरू देऊ नको बाप्पा.

↳ ब्रेक फ्लुइड कोणत्या ग्रेडचं, डॉट ३ की ४, ते डबीच्या झाकणावर पाहा. बाटली सीलबंदच घे, उघडी राहिलेली ओल ओढते. पेंटवर सांडलं तर लगेच पाणी मार.

↳ भाच्याला संध्याकाळी बोलावतो. आता उन्हात बोनेटला हात लावायची सोय नाही.