जो पेपर वाचून प्रयोग पुन्हा करता येत नाही तो अप्रामाणिक. पटतं का?

धंतोलीकर:
नमस्कार मंडळी. मी इथे नागपुरातच पर्यावरण विषय शिकवतो, थिसिस आणि पेपर तपासायला येत असतात. माझं म्हणणं सरळ आहे, पेपर वाचून दुसऱ्याला तोच प्रयोग करता येत नसेल तर डेटा खरा असला तरी तो पेपर अप्रामाणिक धरावा. ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

नाग नदीच्या पाण्यावरचंच उदाहरण घ्या. वाक्य ठरलेलं असतं, "विविध ठिकाणांहून नमुने गोळा करून प्रमाणित पद्धतीने बीओडी काढण्यात आला." बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, जास्त बीओडी म्हणजे जास्त घाण. अहो कोणती प्रमाणित पद्धत? आपल्या भारतीय मानकात बाटली २७ अंशाला ३ दिवस ठेवतात, बाहेर बऱ्याच ठिकाणी २० अंशाला ५ दिवस. नमुना नाल्याच्या तोंडाशी घेतला की पुलाखाली, बर्फात आणला की मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत पडून होता, कारण तसा पडून राहिला तर जंतू वाटेतच सेंद्रिय घाण खायला लागतात आणि आकडा कमी येतो, म्हणजे नदी आहे त्याहून स्वच्छ दिसते. यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग त्या आकड्याचं मी काय करू?

आणि भाषेची वाट लावली ती टक्क्याने. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणाशी सॉफ्टवेअरला सापडलेली जुळणी, १० टक्क्यांपर्यंत माफ, ४० पर्यंत सहा महिन्यांत सुधारून द्या, ६० पर्यंत वर्षभर थांबा, त्याच्या वर नोंदणी रद्द. त्या धाकाने मुलं चांगलं वाक्य पॅराफ्रेजच्या, म्हणजे शब्द फिरवून देणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये टाकतात. २०२१ मध्ये फ्रान्सच्या गिय्योम काबानाक आणि त्यांच्या सोबत्यांनी असे प्रकार छापील पेपरांत शोधून काढले, 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' (छातीचं संकट) झालेलं! म्हणजे लेखकाने वाचलं नाही, रिव्ह्यूअरने नाही, संपादकानेही नाही.

पीएचडी_चालू_आहे:
सर राग मानू नका पण हे एकतर्फी होऊन राहिलं. मी गोंदियाकडची, बारावीपर्यंत मराठी मीडियम, मला वाक्य जुळवायलाच अर्धा दिवस जातो आणि तुम्ही डायरेक्ट अप्रामाणिक म्हणता? ज्याला इंग्रजी येते तो खोटंही सफाईने लिहितो. डॉक्टर वेकफिल्डचा १९९८ चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला पेपर घ्या, १२ मुलांवरचा, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा खोटा संबंध ऑटिझमशी जोडणारा, तो काय भाषेमुळे अडला? मागे घ्यायला २०१० उजाडलं. भाषेवरून इमान ठरवलं तर मार आमच्यासारख्यांनाच बसते.

धंतोलीकर:
ताई, व्याकरण चुकलं तर खुशाल चुकू द्या, मी त्यावर लाल पेन फिरवत नाही. बाटली किती तास बर्फात होती हे लिहायला इंग्रजी लागत नाही, वही लागते. मोडक्या भाषेत पण सगळं सांगणारा पेपर मला हजारदा चालेल.

रेसिडेंट_मेडिकलचौक:
कसं लिहायचं यावर चर्चा चालली आहे, पण नाव कोणाचं लागतं यावर कोणी बोलेल का? मेडिकल जर्नल ज्या आयसीएमजेईचे, म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, नियम मानतात त्यात लेखक होण्याच्या चार अटी आहेत, कामात खरा वाटा, मसुदा लिहिणं किंवा नीट तपासणं, शेवटच्या रूपाला मंजुरी आणि प्रत्येक भागाची जबाबदारी, आणि चारही पूर्ण पाहिजेत. आमच्याकडे ज्याने एक केस पाहिली नाही त्याचं नाव दुसऱ्या नंबरवर असते कारण त्याचं प्रमोशन अडलेलं असते. पेपर लिहिणारा पोरगा शेवटी, कधी तर आभारात. आधी हे साफ करा सर, भाषा मागाहून होईल.

लायब्ररीवाले_काका:
धंतोलीकर साहेब, टक्क्याला उगाच बदनाम करू नका. तो नव्हता तेव्हा अख्खी प्रकरणं उचलली जायची आणि कोणाला पत्ता लागत नव्हता. तुम्ही नियम अर्धेच सांगितले. त्याच २०१८ च्या नियमांत संदर्भसूची वगळायला सांगितली आहे, श्रेय देऊन घेतलेले उतारे वगळायला, ठरलेली समीकरणं वगळायला, १४ सलग शब्दांपर्यंतची सर्वसामान्य जुळणीसुद्धा धरायची नाही. पण रिपोर्ट उघडून कोण बघतं? पहिल्या पानावरचा आकडा बघितला की झालं, गाईडचा फोन, "कमी करून आणा". दोष बघणाऱ्याचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

सदर_फिजिक्स:
मुद्दाच पटला नाही. वॉटसन आणि क्रिकचा डीएनएची रचना सांगणारा १९५३ चा नेचरमधला पेपर पानभरापेक्षा थोडाच मोठा आहे, इतकं स्वच्छ लिखाण कमी सापडेल. आणि डीएनएवरच काम करणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतला एक्स-रे फोटो वॉटसनने पाहिला तो तिच्या परस्पर. स्पष्ट लिहिणं वेगळं, नीतीने वागणं वेगळं, दोन्हीची खिचडी करू नका.

धंतोलीकर:
तोच पेपर पुन्हा काढून बघा भाऊ. रेणूचा आकार, बेसच्या जोड्या, सगळं लख्ख. धूसर काय आहे? शेवटाकडचं एक वाक्य, की विल्किन्स (फ्रँकलिनच्याच संस्थेतले), फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या "सर्वसाधारण स्वरूपाची" माहिती असल्याने आम्हाला चालना मिळाली. काय पाहिलं, कोणी दाखवलं, तिला विचारलं का, काही नाही. बाकी पेपरभर नेमकं लिहिणारे तिथेच मोघम झाले. मी पेपर तपासताना हेच शोधतो, लेखक एरवी बारीकसारीक सांगतो आणि कुठे अचानक "योग्य", "प्रमाणित", "काही" हे शब्द यायला लागतात. वगळलेले नमुने, बदललेली पद्धत, दुसऱ्याचं काम, बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं.

सदर_फिजिक्स:
हे वाक्य मी वाचलेलं होतं, या नजरेने नाही. तरी खोटा डेटा अगदी नेमका लिहिणारेही असतात, त्यांना तुमची चाळणी पकडणार नाही.

धंतोलीकर:
नाही पकडणार, मान्य. पण नेमकं लिहिलेलं खोटं दुसऱ्याला करून बघता येतं आणि तिथे ते उघडं पडण्याची आशा असते. मोघम लिहिलेलं कोणीच करून बघू शकत नाही.

पीएचडी_चालू_आहे:
ठीक आहे पण मग अप्रामाणिक कोण ते स्पष्ट लिहा. मी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, "एवढं डिटेल कशाला, जर्नलवाले कापतात" म्हणून वरूनच काढायला लावलं. सही त्यांची, शिक्का माझ्यावर. यूजीसीने २०२२ मध्ये पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढली म्हणते, पण मुलाखतीत पहिला प्रश्न "पेपर किती?" हाच येते.

धंतोलीकर:
तुमचं खरं आहे. शब्द मी मागे घेत नाही, पण तो आधी सही करणाऱ्याला लागू करा, म्हणजे माझ्यासारख्या गाईडला. आणि कापलेलं डिटेल पुरवणीत टाकता येतं, बरीच जर्नल घेतात.

पीएचडी_चालू_आहे:
काका एक विचारू का, आमच्या लॅबची पद्धत दहा वर्षांपासून एकच आहे, जुन्या पेपरशी जुळतेच, टक्का वर जाते. शब्द फिरवू का?

लायब्ररीवाले_काका:
अजिबात नको बेटा. पद्धत आमच्या अमुक पेपरप्रमाणे असं संदर्भासकट लिही, मग तुझ्या कामात जो फरक केला तो पूर्ण लिही, तापमान, वेळ, सगळं. रिपोर्टमध्ये तो भाग खूण करून गाईडच्या सहीने टीप जोड, आणि कमिटीने विचारलं तर २०१८ च्या नियमांची प्रत समोर ठेव. प्रत पाहिजे असेल तर सांग, पाठवतो.