जर्मन, इटालियन आणि भाषाविज्ञान: तिन्ही एकत्र झेपतं का?

प्रश्न

पदवीचं पहिलं वर्ष. जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय, इटालियन अगदी श्रीगणेशापासून, तिसरा विषय भाषाविज्ञान. दीड महिन्यातच सरमिसळ सुरू झाली. परवा तोंडी सरावात थंड पाणी मागायचं होतं, मागितलं 'आक्वा काल्दा'. जर्मन 'काल्ट' म्हणजे थंड, तेच ओठांवर आलं. इटालियन 'काल्दो' म्हणजे गरम! भाषाविज्ञान सोडून तो वेळ भाषांना द्यावा असं वाटतंय. कुणी हे तिन्ही केलंय का?

उत्तर १

वह्या वेगळ्या ठेव. आणि नाम कधी एकटं लिहू नकोस, आर्टिकलसकट लिही, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या 'डी', 'इल'सारख्या शब्दासकट. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, 'डी झोनं'. इटालियनमध्ये पुल्लिंगी, 'इल सोले'. चंद्राचं बरोबर उलटं.

उत्तर २

मी हेच तीन विषय घेऊन पदवी केली. भाषाविज्ञान सोडू नकोस, अगदी कळकळीने सांगते.

'काल्ट-काल्दो'चा घोळ मीही घातलाय. तो मिटला ध्वनिबदलाच्या तासाला. याकोब ग्रिमने (हो, परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरला) १८२२ साली मांडलेला नियम शिकवत होते: संस्कृत, इटालियन, जर्मन या सगळ्यांच्या समान पूर्वज भाषेतला मूळ 'ग' जर्मॅनिक भाषांत (जर्मन, इंग्रजी वगैरे) 'क' झाला, मूळ 'प'चा 'फ'. म्हणजे 'काल्ट'चं रक्ताचं नातं 'काल्दो'शी नाहीच, 'जेलो'शी आहे. जेलो म्हणजे गारठा, आणि त्यातला 'ज' मूळचा 'ग'च. मग फळ्यावर एकाखाली एक आलं: संस्कृत 'पाद', इटालियन 'पिएदे', जर्मन 'फूस'. ते पान मी अजून जपून ठेवलंय. त्यानंतर हे दोन शब्द माझ्या तोंडात कधी एकमेकांच्या जागी आले नाहीत.

आणि मराठी वर्गाबाहेर ठेवू नकोस. इटालियन पुरुष म्हणतो 'सोनो अन्दातो', बाई म्हणते 'सोनो अन्दाता'. आपलं गेलो-गेले! 'लॉ लेत्ता' म्हणजे 'मी ती वाचली'. वाचलेली वस्तू स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'आ'. मला हा नियम पाठ करावाच लागला नाही.

जर्मनमध्ये मात्र लिहिलेलं जसंच्या तसं वाचायची आपली सवय नडते. चाकाला लिहितात 'राड', म्हणतात 'राट', आणि 'राट' म्हणजे सल्लासुद्धा. अनेकवचन केलं, 'रेडर', की दडलेला 'ड' परत येतो. हे असं का, याचं उत्तर भाषाविज्ञानाच्याच तासाला मिळतं.

वेळ कमी पडतो, हे खरं. पहिल्या वर्षी इटालियनला रोज अर्धा तास दे, रविवारीसुद्धा. जर्मन तेवढ्यात विसरणार नाहीस.

प्रश्नकर्ती

ताई, मनापासून आभार. 'जेलो' वाचून लगेच व्युत्पत्तिकोश उघडला आणि तासभर त्यातच गेला. विषय बदलायचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, तो आता देत नाही. एक विचारू? 'प'चा 'फ' झाला, तर मूळ 'त'चं काय झालं?

उत्तर २

'त्रि', 'त्रे', 'द्राय'. तिन्ही म्हणजे तीन. वहीत एकाखाली एक लिही आणि मधला टप्पा इंग्रजी 'थ्री'त शोध.